डॉ. हायमेनडॉर्फ आणि मार्लवाईचे प्रशिक्षण केंद्र

किनवट-माहूरच्या पूर्वेस, मराठी आणि तेलुगू मुलखांच्या सांध्यावर उटनूरचे पठार पसरले आहे. सागवानाची जंगले, काळ्या जमिनीचे लहानमोठे पट्टे, गोंड राजांच्या सत्तेची साक्ष देणारा उटनूरचा जुना किल्ला आणि पौष अमावास्येला केसलापूर येथे भरणारी नागोबाची जत्रा, एवढीच या भागाची ओळख मराठी वाचकाला बहुधा असते. निजामाच्या राजवटीत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या या उटनूर तालुक्यातील मार्लवाई नावाच्या खेड्यात १९४३ साली एक लहानसे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. महाविद्यालय म्हणावे तर त्याला तसा थाट नव्हता. शाळा म्हणावी तर त्यातील पहिले विद्यार्थी मोठ्या वयाचे होते. शिक्षक, पटवारी, जंगलखात्यातील रखवालदार आणि कचेरीतील कारकून होण्याचे व्यावहारिक शिक्षण तेथे गोंडांना त्यांच्याच भाषेतून देण्यात आले. हिंदुस्थानात आदिवासींसाठी शाळा त्यापूर्वीही निघाल्या होत्या. परंतु आदिवासींची भाषा हेच शिक्षणाचे माध्यम ठरवून आदिवासींमधूनच शिक्षक घडविण्याचा सरकारी प्रयत्न त्या काळी विरळाच होता. त्या केंद्राची कल्पना ज्यांनी मांडली आणि ती सरकारच्या गळी उतरविली ते डॉ. क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ जन्माने ऑस्ट्रियन होते.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्ना येथे एका सरदार घराण्यात झाला. तरुण वयात रवींद्रनाथ ठाकूर यांचे वाङ्मय त्यांच्या वाचनात आले आणि भारताविषयीची ओढ त्यांच्या मनात निर्माण झाली. व्हिएन्ना विद्यापीठात रॉबर्ट हाइने-गेल्डर्न या पंडिताच्या हाताखाली त्यांनी मानवशास्त्राचा अभ्यास केला आणि आसाम व वायव्य ब्रह्मदेशातील डोंगरी जमातींच्या समाजरचनेवर प्रबंध लिहून १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. हा प्रबंध सर्वस्वी ग्रंथांच्या आधारे लिहिलेला होता. ज्या लोकांविषयी लिहिले त्यांतील एकालाही त्यांनी तोवर पाहिले नव्हते. ही उणीव त्यांना जाणवत असली पाहिजे, कारण पुढे रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळताच त्यांनी लंडन गाठले आणि मालिनोव्हस्की यांच्या चर्चासत्रांत भाग घेतला. लोकांमध्ये दीर्घकाळ राहून, त्यांची भाषा शिकून, मगच त्यांच्याविषयी लिहावे, ही मालिनोव्हस्की यांची शिस्त होती. तीच हायमेनडॉर्फ यांनी पुढे आयुष्यभर पाळली.

१९३६ साली ते नागा टेकड्यांत आले. जे. पी. मिल्स या मुलकी अधिकाऱ्याच्या साहाय्याने ते कोन्याक नागांमध्ये राहिले आणि त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध होऊन बरेच गाजले. १९३८ मध्ये एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला. बेट्टी या नावाने परिचित असलेल्या या बाईंनी पतीच्या संशोधनात जो वाटा उचलला त्याची नोंद ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर क्वचितच झाली. परंतु मार्लवाईच्या गोंडांनी मात्र ती ठेवली.

१९३९ साली हे दांपत्य पुन्हा भारतात आले आणि त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केलेला असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याजवळ जर्मन पारपत्र होते. ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना अटक झाली. अशा नागरिकांना सामान्यतः तारेच्या कुंपणात युद्ध संपेपर्यंत दिवस काढावे लागत. हायमेनडॉर्फ यांच्या बाबतीत निजामाच्या सरकारातील इंग्रज अधिकाऱ्यांची, विशेषतः महसूलमंत्री सर थिओडोर टास्कर यांची ओळख कामी आली आणि त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहून संशोधन करण्याची मुभा मिळाली. संस्थानाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. पण संस्थान विस्ताराने मोठे होते आणि त्यातील आदिवासी जमातींचा शास्त्रशुद्ध अभ्यास तोपर्यंत झालेला नव्हता. महायुद्ध आणि स्थानबद्धता यांचा असा अनपेक्षित लाभ एका शास्त्राला झाला.

प्रथम त्यांनी महबूबनगर जिल्ह्यातील अम्राबादच्या पठारावर चेंचूंचा अभ्यास केला. त्यानंतर गोदावरीच्या खोऱ्यातील डोंगर-रेड्ड्यांमध्ये ते राहिले. या दोन्ही जमातींवरील त्यांचे ग्रंथ अनुक्रमे १९४३ आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते आदिलाबाद जिल्ह्यात.

त्या जिल्ह्यात १९४० साली कोमरम भीम यांचा उठाव होऊन गेला होता. आसिफाबाद तालुक्यातील जोडेघाट परिसरात जंगल तोडून शेती करणाऱ्या गोंड व कोलाम कुटुंबांना जंगलखात्याने वारंवार हुसकून लावले, त्यांची झोपडी-पिके नष्ट केली. अर्जविनंत्यांचा उपयोग न झाल्याने भीम यांच्या नेतृत्वाखाली लोक एकत्र आले आणि पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्यांचे साथीदार मारले गेले. बंड मोडले तरी बंडाचे कारण शिल्लक होते, हे सरकारातील काही जाणत्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. गोंडांमध्ये राहून त्यांच्या असंतोषाचा मागोवा घेऊ शकेल असा माणूस त्यांना हवा होता आणि तो संस्थानातच स्थानबद्ध होता.

१९४१ मध्ये हायमेनडॉर्फ पती-पत्नी मार्लवाईस आली आणि गोंडांच्या घरांसारख्याच कुडाच्या, गवताने शाकारलेल्या घरात राहू लागली. गावचे पाटील लच्चू पटेल यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. हायमेनडॉर्फ गोंडी शिकले. गोंडांची चार, पाच, सहा आणि सात देवांची कुळे, त्यांचा पेर्सा पेन, पहांदी कुपार लिंगाल या संस्कृतिपुरुषाची आख्याने, दिवाळीच्या सुमारास गावोगाव फिरणारे दंडारीचे नर्तक, या साऱ्यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. ही आख्याने गोंडांनी स्वतः कधी लिहून ठेवली नव्हती. ती परधान नावाच्या भाटांच्या मुखी होती आणि किंगरीच्या साथीवर ती गायिली जात. मराठी वाचकाला नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे या परधानांची घरची भाषा मराठी होती. घरात मराठी बोलणारे हे लोक यजमानांच्या दारी मात्र गोंडी पुराणे अस्खलित गात. या सामग्रीतून सिद्ध झालेला आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रकाशित झाला.

पुराणकथा टिपून घेत असतानाच दुसरे एक वास्तव रोज त्यांच्या दाराशी येत होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून जंगलांच्या राखीव सीमा आखल्या गेल्या, तेव्हा गोंडांच्या पडीक ठेवलेल्या जमिनी जंगलात गेल्या. फिरत्या शेतीमुळे जमीन काही वर्षे पडीक ठेवावी लागते, हे सीमा आखणाऱ्यांनी लक्षात घेतले नाही. रस्ते झाले, रेल्वे आली आणि त्यांच्यामागून मराठी व तेलुगू मुलखांतून जमिनीच्या शोधात शेतकरी, व्यापारी व सावकार आले. जमिनीची नोंद कागदावर होते, पट्टा नावाचा दस्तऐवज असतो आणि तो ज्याच्या नावावर असेल तो मालक ठरतो, ही व्यवस्था गोंडाला अपरिचित होती. पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन एखाद्या दिवशी परक्याच्या नावे निघे. कागद उर्दूत, अर्ज उर्दूत, हुकूमही उर्दूत. अर्ज लिहून देणारा, वाचून दाखविणारा आणि कचेरीत पोहोचविणारा, प्रत्येक जण आपला मोबदला घेई. आणि पुष्कळदा तो ज्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा त्याचाच माणूस असे. या आलेल्या मंडळींत मराठी बोलणारेही थोडे नव्हते, ही गोष्ट मराठीत लिहिताना झाकून ठेवण्याचे कारण नाही.

हायमेनडॉर्फ यांनी सरकारला जे अहवाल सादर केले, त्यांत या दोन प्रश्नांची गाठ घातलेली दिसते. गोंडाला जमिनीचा पट्टा दिला, पण तो त्याला वाचता आला नाही, तर ती जमीन दुसऱ्या वाटेने जाणार. उलट, त्याला अक्षरे शिकविली, पण पायाखालची जमीन गेली, तर तो शिकून दुसऱ्याच्या शेतावर मजूर होणार. म्हणून जमीनवाटप आणि शाळा या दोन गोष्टी एकाच वेळी व एकाच हाताने झाल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे चार अहवाल १९४५ मध्ये एकत्रित ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. टास्कर यांच्यानंतर महसूल खात्याची सूत्रे डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांच्याकडे आली. त्यांनी स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेला होता. एका मानवशास्त्रज्ञाचा अहवाल वाचण्यासाठी दुसरा मानवशास्त्रज्ञ मंत्री म्हणून बसलेला असावा, असा योग सरकारी कारभारात क्वचितच जुळून येतो.

१९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली आणि मार्लवाई हे तिचे केंद्र झाले.

पहिली अडचण शिक्षकांची होती. बाहेरून शिक्षक आणावा, तर त्याला गोंडी येत नसे. शिवाय हिवतापाने भरलेल्या त्या डोंगरात तो टिकतही नसे. गावातून शिक्षक घ्यावा, तर साक्षर गोंड जवळजवळ नव्हतेच. तेव्हा ज्या थोड्या गोंडांना मराठीची जुजबी अक्षरओळख झालेली होती, अशांना शोधून मार्लवाईस आणण्यात आले. हे विद्यार्थी प्रौढ, संसारी होते. त्यांना प्रथम स्वतः नीट लिहा-वाचावयास शिकवावयाचे, मग शिकवावे कसे हे शिकवावयाचे आणि लगेच त्यांच्याच मुलखात शाळा देऊन पाठवावयाचे, अशी ही पद्धती होती. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने त्यात उणिवा दाखविता येतील. परंतु दुसरा मार्ग नव्हता.

दुसरी अडचण पुस्तकांची आणि लिपीची होती. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, म्हणजे नात्याने तेलुगूला जवळची. दरबारची भाषा उर्दू. परंतु उटनूरच्या गोंडाची बाजारातील दुसरी भाषा बहुतांशी मराठी होती. जे मूठभर साक्षर सापडले त्यांना ठाऊक असलेली अक्षरेही मराठीचीच होती. त्यामुळे गोंडी भाषा देवनागरीत लिहावयाची असे ठरले. देवनागरी अक्षरांत गोंडी अंकलिपी आणि वाचनमाला तयार झाल्या. त्यांतील पाठ गोंडांच्या जीवनातून आणि त्यांच्या पुराणकथांतून घेतलेले होते. पिढ्यान्पिढ्या परधानाच्या किंगरीवर ऐकलेली कथा छापील अक्षरांत वाचावयास मिळाली, तेव्हा त्या प्रौढ विद्यार्थ्यांना अक्षर ही परक्यांची वस्तू वाटेनाशी झाली असल्यास नवल नाही. बालवाचनाची पुस्तके ग्रंथालयांत क्वचितच टिकतात. ती मुलांच्या हातांत झिजून संपतात आणि तेच त्यांचे सार्थक असते; पण भाषेच्या इतिहासकाराला मात्र ती हानी सोसावी लागते.

अभ्यासक्रमाचा क्रम असा की, आरंभ गोंडीतून व्हावा, लेखन, वाचन व गणित यांचा पाया मातृभाषेत पक्का व्हावा आणि नंतर विद्यार्थ्याने मराठीकडे व राज्यकारभारासाठी आवश्यक असलेल्या उर्दूकडे वळावे. मातृभाषा ही कुंपण नसून उंबरठा आहे, अशी त्यामागची धारणा होती. देवनागरी निवडल्यामुळे गोंडीवरून मराठीत जाण्यासाठी नवी लिपी शिकावी लागत नव्हती, हा व्यावहारिक लाभही मोठा होता.

केंद्रातून तयार झालेले शिक्षक गावोगाव पाठविण्यात आले आणि उटनूर व आसपासच्या तालुक्यांत गोंडी शाळांचे जाळे विणले जाऊ लागले. परंतु केंद्राचा उद्देश शिक्षकांपुरता मर्यादित नव्हता. गोंडांच्या गावात पटवारी गोंड असावा, जंगलचा रखवालदार गोंड असावा, तहसील कचेरीत निदान एक कारकून तरी गोंडी समजणारा असावा, या हेतूने त्या त्या कामाचे शिक्षण देऊन माणसे तयार करण्यात आली. जमिनीची मोजणी, नोंदवही, पावती, अर्ज या गोष्टी ज्यांच्यामुळे गोंड आजवर नाडला गेला, त्याच त्याने शिकाव्यात, अशी ही योजना होती. मार्लवाईच्या केंद्राचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. आदिवासींच्या संस्कृतीचे कौतुक करणारे पुष्कळ झाले. त्यांच्या हाती नोंदवही देणारे थोडे.

१९४४-४५ मध्ये हायमेनडॉर्फ यांची नेमणूक ईशान्य सीमेवर सुबनसिरी भागात विशेष अधिकारी म्हणून झाली आणि ते आपातानी लोकांमध्ये गेले. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक झालेल्या माणसावर पाच-सहा वर्षांत ब्रिटिश सरकारने सरहद्दीवरील काम सोपविले, ही त्या युद्धकाळातील एक गमतीची विसंगती होय. या अवधीत मार्लवाईचे काम इतरांनी चालू ठेवले. परत आल्यावर हैदराबाद सरकारने त्यांना आदिवासी व मागासलेल्या जमातींच्या बाबतीत सल्लागार नेमले. उस्मानिया विद्यापीठात ते प्राध्यापकही झाले.

याच काळात आदिलाबादच्या आदिवासी भागात विशेष अधिकारी म्हणून आलेले सेतुमाधवराव पगडी यांचा उल्लेख केल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. निलंगे येथे १९१० साली जन्मलेले आणि पुढे शिवकालाचे इतिहासकार व महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियरचे संपादक म्हणून ख्याती पावलेले पगडी तेव्हा हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. ते गोंडी शिकले, गोंडांमध्ये हिंडले. आदिलाबादच्या गोंडांविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये निघाले आणि पुढे त्यांनी गोंडी भाषेचे व्याकरणही लिहिले. हायमेनडॉर्फ यांनी आखलेले जमीनवाटप प्रत्यक्ष गावात जाऊन पार पाडण्याचे काम ज्या अधिकाऱ्यांच्या हातून झाले, त्यांत पगडी अग्रभागी होते. लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे त्या चाळीसच्या दशकात आदिवासी कुटुंबांना मिळाले. केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून लोकांची गाऱ्हाणी जागच्या जागी ऐकण्याचा दरबारही त्याच दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने सुरू झाला. कागदावरचा अर्ज ज्याला लिहिता येत नाही, त्याने तोंडाने सांगावे, अशी त्यात सोय होती. ती प्रथा पुढेही चालू राहिली.

या धोरणाला विद्वानांमध्ये विरोध नव्हता असे नाही. मार्लवाईचे केंद्र सुरू झाले त्याच १९४३ साली मालवणचे सुपुत्र, समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे आदिवासींच्या भवितव्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक होत, त्यांना वेगळे काढून त्यांच्याभोवती संरक्षणाची भिंत उभारणे हे परकीय अधिकारी व मानवशास्त्रज्ञ यांचे अनिष्ट धोरण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रोख मुख्यतः व्हेरियर एल्विन यांच्यावर होता. पण हायमेनडॉर्फ यांनाही तो लागू पडत होता. या वादात मार्लवाईची साक्ष काढली, तर ती कोणत्याही एका बाजूला पुरती जात नाही. बाहेरच्या माणसाला जमीन घेण्यास मज्जाव करणारी भिंत तेथे होती हे खरे. परंतु त्याच भिंतीत मराठी आणि उर्दूकडे जाणारे दार मुद्दाम ठेवलेले होते. याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. हे सारे एका अनियंत्रित राजसत्तेच्या आश्रयाने आणि तिच्या सोयीने झाले. भीम यांच्या मागे उभ्या राहिलेल्या लोकांना शांत ठेवणे हाही त्या सत्तेचा हेतू होता. हायमेनडॉर्फ यांना त्या सत्तेचे स्वरूप कळत नव्हते असे म्हणवत नाही. जे हाती होते त्यातून जेवढे साधेल तेवढे त्यांनी साधले, एवढेच म्हणता येते.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट संपली. नव्या सरकारनेही आदिवासी क्षेत्रांच्या संरक्षणाचे नियम पुढे चालविले. परंतु १९४९ मध्ये हायमेनडॉर्फ लंडनला गेले. तेथील प्राच्य व आफ्रिकी विद्यांच्या संस्थेत ते प्रथम व्याख्याते आणि १९५१ पासून प्राध्यापक झाले. १९५३ साली नेपाळचे दरवाजे परदेशी संशोधकांना उघडू लागताच ते शेर्पांमध्ये गेले. त्यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये निघाला. पुढील कीर्ती त्यांना मुख्यतः हिमालयाने दिली. ती हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मार्लवाईवर घाला पडला तो नकाशाच्या वाटेने. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि इस्लापूरचा भाग नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, राजुरा तालुका यथावकाश चांदा जिल्ह्यात आला. उटनूर मात्र आंध्र प्रदेशात राहिले. भाषेच्या तत्त्वावर आखलेल्या त्या सीमेने मराठीला न्याय दिला, तेलुगूला न्याय दिला. गोंडी बोलणाऱ्यांचे मात्र दोन भाग केले, कारण त्यांच्या भाषेचे राज्य कोणी मागितलेले नव्हते. उटनूरच्या शाळांत तेलुगू माध्यम आले. तेलुगू ही राज्याची भाषा असल्याने ते अपेक्षितच होते. तथापि त्यासाठी गोंडीचा पायाच काढून टाकण्याची आवश्यकता नव्हती. देवनागरीतील गोंडी वाचनमाला मागे पडल्या. मराठी अक्षरांवर घडलेल्या गोंड शिक्षकांना उतारवयात तेलुगू लिपी गिरवावी लागली आणि शाळेत प्रथमच पाऊल टाकणारे गोंड मूल पुन्हा एकदा न समजणाऱ्या भाषेसमोर बसले.

सेवानिवृत्तीनंतर, १९७६ पासून, हायमेनडॉर्फ पत्नीसह पुन्हा आदिलाबादेत दीर्घकाळ राहू लागले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे जग काय झाले ते पाहण्याचा त्यांचा उद्देश होता. जे दिसले ते समाधानकारक नव्हते. आदिवासींच्या जमिनींचे हस्तांतर रोखणारा १९५९ चा विनियम १९६३ मध्ये तेलंगणास लागू झाला होता आणि १९७० च्या दुरुस्तीने तो अधिक कडकही झाला होता. तरी मधल्या काळात रस्त्यालगतच्या, काळ्या मातीच्या चांगल्या जमिनी मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या होत्या. ज्या गावांत त्यांनी पट्टे वाटलेले पाहिले होते, तेथे गोंड मजुरी करीत होते. १९७६ च्या कायद्याने लंबाडा समाजाचा समावेश आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत झाला, महाराष्ट्रात मात्र तो तसा नव्हता. त्यामुळे सीमेपलीकडून येणाऱ्यांची संख्या वाढून गोंडांवरील ताण अधिक झाला, असे त्यांचे निरीक्षण होते. त्या समाजाच्या दारिद्र्याचा विचार करता हा प्रश्न दोन दुर्बलांमधील होता आणि तो त्यांच्यावर लादणारे दुसरेच होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. २० एप्रिल १९८१ रोजी उटनूर तालुक्यातील इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ माणसे मृत्युमुखी पडली; लोकांच्या सांगण्याप्रमाणे याहून कितीतरी अधिक. जोडेघाटला तेव्हा ४१ वर्षे झाली होती.

भारतीय जमातींच्या जगण्याच्या धडपडीवरील त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आदिलाबादच्या जमिनींचा आणि मार्लवाईच्या शिक्षण योजनेचा लेखाजोखा त्यांनी मांडला आहे. तरुणपणी पुराणकथा टिपणाऱ्या या संशोधकाने वयाच्या सत्तरीत पट्ट्यांच्या आणि विनियमांच्या तपशिलात एवढे खोल जावे, यावरून त्यांच्या मनाचा कल कळून येतो. योजना फसली असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. केंद्रातून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी व कारकुनांनी आपली मुले शिकविली. गोंडांमध्ये अर्ज लिहिणारा, कचेरीत जाऊन जाब विचारणारा एक वर्ग निर्माण झाला होता.

एका गोष्टीत मात्र काळाने त्यांच्या गृहीतकाला दुरुस्ती सुचविली आहे. गोंडीला स्वतःची लिपी नाही, असे धरून १९४३ मध्ये देवनागरी स्वीकारली गेली होती. त्याच उटनूर परिसरात, नारनूरजवळच्या गुंजाळा गावी, वेगळ्याच लिपीत लिहिलेल्या गोंडी पोथ्या असल्याचे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अभ्यासकांपुढे आले. ती लिपी आता गुंजाळा गोंडी या नावाने ओळखली जाते आणि २०१८ मध्ये संगणकासाठीच्या युनिकोड प्रणालीतही तिचा समावेश झाला. काही थोड्या घरांत जपलेली ही विद्या मार्लवाईच्या वाचनमालेत आली असती, तर १९५६ नंतर ती तरली असती काय, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारात घेण्यासारखा आहे. देवनागरीच्या निवडीने शाळा लवकर उभ्या राहिल्या. पण त्या निवडीमुळेच गोंडीचे भवितव्य मराठीच्या सीमेशी बांधले गेले आणि सीमा सरकली तेव्हा गोंडीही सरकली.

बेट्टी हायमेनडॉर्फ यांचे ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादेत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफन मार्लवाईस झाले. हायमेनडॉर्फ यांचे आत्मवृत्त १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९५ साली लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे त्यांच्या अस्थीही मार्लवाईस आणून पत्नीच्या समाधीशेजारी ठेवण्यात आल्या. २०१६ मध्ये जिल्ह्यांची पुन्हा रचना झाली तेव्हा उटनूर आदिलाबाद जिल्ह्यात राहिले आणि जैनूर मंडलातील मार्लवाई कोमरम भीम यांच्या नावाने निघालेल्या नव्या जिल्ह्यात गेले. बेट्टीबाईंच्या पुण्यतिथीला तेथे गोंड जमतात आणि आपल्या रीतीने दोघांच्याही समाध्यांची पूजा करतात.